भाऊंचं ‘बघू’ आणि साजगावचा कॉम्प्युटर

भाऊंना ‘नाय’ म्हणता येत नसे. भाऊ म्हणजे माझे वडील. कर्जत आणि भिवपुरीच्या मधल्या आमच्या गावात त्यांची भात भरडायची गिरण होती आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. दारात कुणी काहीही मागायला येवो, उत्सवाची वर्गणी, भाच्याला नोकरी, पाण्याचा पंप, मत, नाहीतर नुसताच आधार, भाऊ भुवयांवर बसलेलं तूस झटकायचे आणि म्हणायचे, "बघू." मागणारा खूश होऊन जायचा, कारण हो म्हटलं असं त्याला वाटायचं. भाऊही खूश असायचे, कारण हो म्हटलेलं नसायचं. सरपंचाच्या एका निवडणुकीत तिन्ही उमेदवारांनी आमच्या ओटीवर चहा पिऊन आमच्या घरातली मतं आपापल्या पारड्यात टाकून घेतली. निकालानंतर पडलेले दोघं आमच्यावर रुसले आणि निवडून आलेल्यानं हक्कानं भात फुकट भरडून नेलं. एवढं होऊनही भाऊ म्हणायचे, "कुनाचं मन तर नाय ना मोडलं?" मोडलं होतं की! सगळ्यांचंच मोडलं होतं, फक्त हप्त्याहप्त्यानं.

आईचीही तीच तऱ्हा, पण तिला निदान रीतीभातीचा आधार होता. घरातले तांदूळ संपले असं बाईनं म्हणू नये, ‘वाढले’ म्हणावं, हे सगळ्याच घरांत आहे. आमचं पडलं गिरणवाल्याचं घर, तेव्हा आमच्याकडे ते जरा जास्तच. तांदूळ वाढले, मीठ वाढलं, रॉकेल वाढलं, साबण वाढला. मी डिप्लोमा करून घरी बसले तेव्हा आई शेजारणींना सांगत असे, "आमच्या रंजूचं शिक्षण वाढलंय." आणि तिसरी बायजाआत्या, भाऊंची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती एक पेटी, एक पाटा आणि एक वाक्य घेऊन. वाक्य असं, "ऱ्हाऊ दे गं, लागंल कवातरी." त्या वाक्याच्या जोरावर आमच्या माळ्यावर बिनकाचेचे कंदील, तीन पायांचं स्टूल आणि गेलेल्या आजोबांच्या चपला अशी बरीच मंडळी सुखानं नांदत होती. खाली दिवसभर गिरणीचा पट्टा फटफट करायचा, मोटार सुरू झाली की फडताळातली भांडी थरथरायची, आणि त्या गोंगाटातही आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मला वेगळा ऐकू यायचा. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट, दुपारी भात आणि वालाचं बिरडं. सगळ्यात थोडं थोडं तूस. आजही कुठे अगदी स्वच्छ जेवण मिळालं की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी नानाकाकानं, म्हणजे भाऊंच्या धाकट्या भावानं, साजगावहून माझ्यासाठी दोन गोष्टी आणल्या. तो तिथल्या एका कारखान्यात होता. एक होता कारखान्यानं भंगारात काढलेला कॉम्प्युटर आणि दुसरं होतं स्थळ, त्याच कारखान्यातला सुपरवायझर. दोन्हींची शिफारस त्यानं एकाच सुरात केली, "जरा जुना हाय पन मजबूत हाय, आनि घरचाच हाय असं समजा." मुलगा माझ्यापेक्षा बराच मोठा होता. मशीन तर त्या काळातसुद्धा म्हातारं होतं. पिवळं पडलेलं, लोखंडी पेटीसारखं जड, आत कुणीकुणी कधीकधी खोचलेली कार्डं, आणि सुरू केलं की पहिली पाच मिनिटं नुसतं खाकरायचं. अशा मशीनला हल्ली ‘विंटेज’ म्हणतात. शनिवार-रविवारी येणारे फार्महाऊसवाले माझ्याकडे येऊन विचारतात, "मॅडम, तसला एखादा जुना पीस मिळेल का? हॉलमध्ये ठेवायचाय." आम्ही त्याला भंगार म्हणायचो. भंगार आपण विकतो आणि विंटेज आपल्याला विकतात, एवढाच काय तो फरक.

दोन्ही गोष्टींना भाऊ काय म्हणाले असतील ते सांगायला नकोच. मुलाकडचे मला एकदा बघून गेले, पोहे खाल्ले, मुलाचे मामा म्हणाले, "पोरगी पसंत हाय, मग पुढचं?" भाऊ म्हणाले, "बघू." मामा हात जोडून उठले ते थेट बँडवाल्याकडे गेले असावेत.

मला लग्न नको होतं असं नाही. मला आधी नेरळला जायचं होतं. नेरळ स्टेशनासमोर टिपणीस सरांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. बाहेर पाटीवर ‘लेटेस्ट’ हा शब्द तीन रंगांत, आणि आत माझ्या मशीनची सख्खी भावंडं ओळीनं मरून पडलेली. सरांनी ती कुठूनतरी घाऊक उचलली होती आणि आता त्यातलं एकही धड चालत नव्हतं. विंडोज त्यांच्या पोटात मावत नव्हती. मी चौकशीला गेले तेव्हा सर म्हणाले, "लिनक्स म्हणून एक फुकट सिस्टिम आहे. तुझ्या घरचं मशीन तिच्यावर चालू करून इथे आण. माझ्या नेटवर्कला लागलं तर पोरींच्या बॅचला तूच शिकवायचं." एवढं म्हणून त्यांनी फ्लॉप्यांची एक चळत माझ्या हातात दिली. नेरळहून परत येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी येऊन भाऊंना सांगितलं, "भाऊ, मला नोकरी मिळतेय. मी जाऊ ना?" भाऊ गिरणीचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावत होते. वर न बघता म्हणाले, "बघू."

मी परसात जाऊन रडले. माझं बघू आणि मामांचं बघू एकाच माणसानं, एकाच तोंडानं, एकाच आठवड्यात म्हटलं होतं, आणि त्यातलं खरं कोणतं हे खुद्द त्यालाही माहीत नव्हतं.

आता त्या मशीनचं दुखणं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुठल्याही सिस्टिमच्या मुळाशी एक कर्नल असतो. तो घरातला कर्ता. पडदा, कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर, सगळ्यांशी बोलायचं ते त्यानं. फ्लॉप्यांतला तयार कर्नल माझ्या मशीनवर कसाबसा उठायचा, पण नेटवर्कचं कार्ड त्याला ओळखता येत नव्हतं. तेव्हा आपल्या मशीनपुरता नवा कर्नल आपणच घडवायचा. त्यासाठी तो आधी प्रश्न विचारतो. अमक्या जातीचं कार्ड सांभाळू का? तमक्या तऱ्हेचा टेप सांभाळू का? असे शेकडो. आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तरं तीनच: हो, नाही, आणि तिसरं असं की आत्ता जवळ ठेवत नाही, डिस्कवर बाजूला ठेवतो, लागलं तर बघू. देवाशप्पथ, असंच आहे. सातासमुद्रापलीकडे बसून कुणीतरी आमच्या भाऊंसाठी खास सोय करून ठेवली होती.

पहिल्या बैठकीला घरातले सगळे जमले. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते, जॉयस्टिकला ‘खेळायचा दांडा’ असं. आत्या वालाच्या शेंगा सोलत अध्यक्षस्थानी बसली होती.

"आत्या, हा विचारतोय, खेळायचा दांडा लावणार का?"

"कुनाचा?"

"कुणाचा नाही. लावलाच कधी तर."

"मग ऱ्हाऊ दे की गं. उद्या कुनाचं पोर आलं खेळायला तर?"

मी हो म्हटलं. हौशी बिनतारी रेडिओ आहे का, असं त्यानं विचारलं. माळ्यावर एक रेडिओ होताच, तेव्हा आत्यानं तोही ठेवायला लावला. कुठल्यातरी परदेशी आगीनगाडीएवढ्या मशीनसाठी असलेलं कार्ड आईनं ठेवलं, का तर ‘बिचारं विचारतंय तर.’ नाही म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना. सगळ्यांना हो म्हणून मी कर्नल घडवायला लावला, आणि तिथे दुसरा तमाशा. हे काम म्हाताऱ्या मशीनवर सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चालायचं, आणि मधे गिरणीची मोटार सुरू झाली की घरातला विजेचा दाब पडून मशीन झोपायचं. दिवस सुगीचे. डोक्यावर पोतं घेऊन बाई दारात आली की भाऊंना राहवायचं नाही. "यवढंच, रंजे, यवढं एक पोतं." खटका ओढला की माझा पडदा विझला. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एका रविवारी काम पुरं झालं आणि मशीननं निरोप दिला की कर्नल फार मोठा झालाय, मावत नाही. आत्या म्हणाली, "मोठा झाला तर बरंच की गं!"

दुसऱ्या खेपेला मी बाकीच्यांना उठवलं आणि भाऊंनाच शेजारी बसवलं. त्यांना ते तिसरं उत्तर समजावून सांगितलं मात्र, माणूस असा खुलला म्हणता! "म्हंजे हो बी नाय आनि नाय बी नाय? वा! हुशार हाय रं हा." आणि मग सुरू झाले. टेप? बघू. प्रिंटर? बघू. डिस्कचं कार्ड? बघू. मी वाचत होते, ते सुपारी कातरत ‘बघू, बघू’ करत होते, आणि मीसुद्धा अशी त्यांचीच लेक की एकदाही थांबले नाही. कर्नल छान लहान झाला. मावला. मशीन खाकरलं, उठलं, भराभरा ओळी आल्या आणि मग एकदम सगळं थिजलं. खाली लिहून आलं, घाबरलोय, डिस्क सापडत नाही. तो अगदी असाच शब्द वापरतो, घाबरलो. मला उलगडायला दोन दिवस लागले, आणि उलगडलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

"भाऊ, डिस्कशी कसं बोलायचं, त्याला तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हनलो."

"म्हणजे ते ज्ञान त्यानं डिस्कवर बाजूला ठेवलं. आता डिस्कशी बोलल्याशिवाय ते हाताला लागत नाही, आणि ते हाताला लागल्याशिवाय डिस्कशी बोलता येत नाही."

भाऊ आधी हसले. "पेटीची किल्ली पेटीत घालून पेटी लावली म्हन की." मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं आता उठून गिरणीत जातील, पण ते तसेच बसून राहिले त्या थिजलेल्या पडद्याकडे बघत. मग विचारलं, "आनि याला धड सांगितलं असतं तर?"

"तर उठला असता. हो सांगा नाहीतर नाही सांगा, त्याचं काही म्हणणं नाही. काही ठिकाणी बघू चालत नाही, भाऊ."

मी हे मशीनबद्दल बोलत होते. थोडंसं माझ्याबद्दलही बोलत होते, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या बैठकीआधी भाऊंनी गिरणीतला स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मशीनचं झाकणच काढलं. "आत काय हाय ते तरी बघू दे. नायतर नाय कसं म्हननार?" आम्ही दोघांनी एकेक कार्ड उपसून, फुंकर मारून, त्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. निम्मी तर कशालाच जोडलेली नव्हती, नुसती जागा अडवून बसली होती. भाऊ म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या संचालकांवानी." मग प्रश्न सुरू झाले. खेळायचा दांडा? भाऊंनी ओठ हलवले. आवाज आला नाही. मी पुन्हा विचारलं. "नाय," ते म्हणाले, इतकं हळू की त्या दांड्यालाच वाईट वाटू नये. रेडिओ? "नाय." टेप? "नाय." मग काय झालं कोण जाणे, त्यांना त्याची गोडीच लागली. मी प्रश्न पुरा वाचायच्या आत, "नाय! नाय! नाय रं बाबा, पुढं चल!" मांडीवर थाप मारून हसत होते. आई स्वयंपाकघरातून घाबरून बघायला आली, यांना काही झालं की काय! डिस्कच्या कार्डापाशी मात्र ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हो. हे पक्कं हो." नेटवर्कच्या कार्डालाही तसंच.

आजकाल मोबाइलवरचं प्रत्येक ॲप विचारतं, तुमचे फोटो बघू का, तुमचं बोलणं ऐकू का, आणि अख्खा देश न वाचता हो हो करत सुटतो. माझा मुलगासुद्धा. मी त्याला सांगते, अरे, झाकण उघडून बघ तरी आधी. तो म्हणतो, बघू.

तर तो कर्नल घडवायला लावला त्या दिवशी भाऊंनी दिवसभर गिरण बंद ठेवली. भर सुगीत! गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणं अजून जमत नव्हतं, तेव्हा दारात उभं राहून ते सांगत होते, "लाईट नाय गं." डोक्यावर बल्ब जळत होता. बाया बल्बकडे बघायच्या, भाऊंकडे बघायच्या आणि बिचाऱ्या भिडेनं परत जायच्या.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी मुलाकडची मंडळी आली. नानाकाकानं त्यांना पोपटीचं आमंत्रण दिलं होतं. मागच्या शेतात मडकं लागलं होतं, वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्डीचा पाला, भोवती जाळ. मला वाटलं नुसती जेवायला आलेत. मामांनी खिशातून तारीख काढली. हॉल ठरला होता, पत्रिकेचा मायना ठरला होता, फक्त आम्हाला कळवायचं राहिलं होतं. माझ्या हातातला तांब्या तिथेच थांबला. मुलगा भला होता, खाली मान घालून बसला होता. त्यालाही तारीख आत्ताच कळली असावी असं त्याच्या तोंडावरून वाटत होतं.

आतल्या खोलीत मशीन घुमत होतं. मामांनी डोकावून बघितलं. "ह्यो कॉम्प्युटर का? नाना म्हनला होता. आमच्याकडं पोरी नोकरीला जात नाय, तुमाला ठावं हाय. पन ह्यो द्या लग्नात. दिवानखान्यात ठिवू, वर भरतकामाचं झाकान टाकू. शोभंल."

"तो चालू आहे," मी म्हणाले.

"चालू कशाला पायजे? बंद करूनच धाडा." मामा भाऊंकडे वळले. "मग भाऊ, तारीख पक्की ना?"

बाहेर मडक्याभोवतीचा जाळ तेवढा तडतडत होता. भाऊंनी आतल्या खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे ओठ हलले. माझं आयुष्य त्या ओठांवर येऊन अडलं होतं, आणि त्या ओठांवरून आजवर एकच शब्द बाहेर पडत आला होता.

"नाय," भाऊ म्हणाले.

"नाय म्हंजे? दुसरी तारीख?"

"लगीन नाय. पोरीला नेरळला जायाचं हाय. तिला मी आधी धड सांगितलं नाय, तुमाला बी धड सांगितलं नाय. ती माजी चूक. पन आता सांगतो, नाय."

मामा ताडकन उठले. आम्हाला तोंडावर पाडलं, बोलावून अपमान केला, हे सगळं ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं. मुलगा जाताना मात्र मला हळूच म्हणाला, "ऑल द बेस्ट." नानाकाका पुढचे कितीतरी सण आमच्याकडे आला नाही, त्याला त्याच सुपरवायझरच्या हाताखाली रोज उभं राहायचं होतं. आत्यानं रडून आकांत केला, "दारचा मानूस उपाशी धाडलास रं! सोन्यासारकं स्थळ, ऱ्हाऊ दिलं असतंस, लागलं असतं!" भाऊ ओटीच्या पायरीवर बसून होते. आईनं मडकं उपडं केलं, शेंगा ताटात काढल्या आणि पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. आत जाऊन मी नव्या कर्नलवर मशीन सुरू केलं. खाकरलं, ओळी धावल्या, डिस्क सापडली, कार्ड ओळखलं, आणि पडद्यावर माझं नाव विचारणारी ओळ येऊन थांबली. मी हाक मारली तेव्हा सगळे धावत आले. आत्याही, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या टेंपोत, तांदळाच्या पोत्यांवर गोधडी टाकून आम्ही मशीन नेरळला नेलं. भाऊंनी धुतलेला सदरा घातला होता. क्लासमध्ये सरांनी नेटवर्कची वायर खोचली. कार्डामागचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि माझ्या भंगारानं सरांच्या मशीनला हाक दिली, सरांच्या मशीननं ओ दिली. शिकायला आलेली पोरं उठून बघायला आली. सर चष्मा वर करून परत परत पडद्यावर वाकत होते. "वा! छान! ही बाकीचीपण होतील म्हणजे." मी म्हटलं, होतील. मग मी वाट बघत उभी राहिले. सर वायर गुंडाळायला लागले.

"सर, शिकवायचं म्हणाला होतात."

"हो हो, ते आहेच," सर म्हणाले. "नवीन बॅच भरू दे. मशीन इथेच राहू दे. मग बघू."

लग्नाचं दार काल बंद झालं होतं, आणि हे उघडतच नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून भाऊ पुढे आले. त्यांनी सरांच्या हातातली वायर अलगद काढून घेतली.

"सर, बघू म्हंजे काय, ते मला ठावं हाय. उभा जलम मी ते लोकांना देत आलोय. पोरीला घेता का नाय, यवढंच सांगा. नाय म्हनलात तर राग नाय, मशीन टेंपोत टाकून घरी नेतो. पन मधलं काय नको."

पोरं टकामका बघत होती. सरांनी ओळीनं मरून पडलेल्या मशीनकडे बघितलं, लुकलुकत्या हिरव्या दिव्याकडे बघितलं, आणि अखेर माझ्याकडे.

"हो," सर म्हणाले.

भाऊंनी वायर अजून सोडली नव्हती. "कवापासून?"